नावाड्याचा गळा

चित्रं वाईट असती तर मी एवढी चिडले नसते. चित्रं चांगली होती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे चांगला हात कुठला आणि लबाड हात कुठला हे मला लांबूनही कळतं. या बाईचा हात दोन्ही होता.

झालं असं की माझ्या भाच्यानं, निखिलनं, रामघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हॉटेल काढलं. उज्जैनमध्ये हल्ली ज्याला त्याला हॉटेल काढायचंय, त्यात नवल नाही. नवल हे की याच्या हॉटेलला बेटाची थीम. महाकालाच्या रांगेत पायाचे तुकडे पडलेल्या माणसाला खोलीवर आल्यावर समुद्रकिनाऱ्याची फीलिंग आली पाहिजे, असं त्याला इंदूरच्या कुठल्याशा डेकोरेटरनं पटवलं. शिप्रेत पाणी असो नसो, लॉबीत माड हवेत. त्या डेकोरेटरनंच कुठून तरी इंग्रजांच्या काळातली जलरंगातली चित्रं शोधली, मोठी करून छापली आणि काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर ओळीनं लावली. अंदमानातली चित्रं. कुणा साहेबाच्या बायकोनं तिथलं रोजचं जगणं बघून काढलेली. निखिलनं मला माधवनगरच्या घरून गाडीत घातलं आणि दाखवायला नेलं, कारण आमच्या घरात अंदमानात वाढलेली मी एकटीच उरले आहे.

“आत्या, तुझं बचपन तिथेच गेलं ना? बस, दोन ओळी लिहून दे. ‘हे माझं बेट, असं शांत, असं सुंदर’, असं काहीतरी. चित्राच्या बाजूला लावू, खाली तुझं नाव. लोकांना असली चीज आवडते.”

मी हो म्हणणार होते. खरं सांगायचं तर तोंड उघडलंही होतं.

पहिल्याच चित्रात एक धक्का होता, पाण्यात गेलेले लाकडी खांब, शेवाळलेले, त्याच्या मागे तांबूस टेकडी. तो तांबूस रंग बघितला आणि माझ्या नाकात लाल भुशाचा वास भरला. पडौक नावाचं तांबडं लाकूड असतं तिथे. लाकूडगिरणीत ते कापलं की भुसा रक्तासारखा लाल पडायचा, आणि वारा आमच्या बाजूला वळला की वाळत घातलेल्या कपड्यांना, डब्यातल्या पोळीला, आईच्या केसांना तोच गोडसर वास. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यावर आमची शाळा. दुपारी सगळीकडे चिडीचूप असताना एखादा नारळ पत्र्यावर धाडकन पडायचा आणि शेजारच्या क्वार्टरमधलं तान्हं बाळ रडायला लागायचं. बाबा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांची पोर्ट ब्लेअरला बदली झाली तेव्हा उज्जैनच्या नातेवाइकांनी आम्हालाच काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखे चेहरे केले होते. आता त्या गावाचं नावही बदललंय म्हणे. मी बुटात वाळू घेऊन ज्या गावातल्या शाळेत गेले, ते पोर्ट ब्लेअरच.

आणि जहाज! जहाज लागलं की सण. बटाटे, कांदे, पत्रं, बदलीवर आलेले नवे लोक, सगळं एकाच वेळी उतरायचं. संक्रांतीचे तीळ जहाजानं यायचे. जहाज लांबलं की आमची संक्रांत लांबायची. आई पंचांग बाजूला ठेवून म्हणायची, “सूर्याला मकरेत जायचं तर जाऊ दे बापडा, आपण जहाज लागल्यावर जाऊ.” कधी माघ अर्धा सरल्यावर आम्ही तिळगूळ वाटला आहे, आणि बंगाली, तमिळ, मल्याळी शेजाऱ्यांनी तो तितक्याच आनंदानं घेतला आहे. उज्जैनला परतल्यावर संक्रांत वेळेवर यायला लागली आणि तिची मजाच गेली. आमची लोखंडी ट्रंक उघडली की खारा वास यायचा, तोही इथल्या उन्हाळ्यांनी कधी पळवला ते कळलंच नाही.

मी हे सगळं आठवत एकेक चित्र ओलांडत होते आणि निखिल मागून खुशीत फोटो काढत होता. मग ते नावेचं चित्र आलं.

चित्राखाली इंग्रजीत लिहिलंय, त्याचा अर्थ एवढाच की ‘टॉबी आमच्या नावेत’. टॉबी म्हणजे कुत्रा. नावेच्या टोकाशी ऐटीत बसलेला, एक कान उभा. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, जिथे उजेड हवा तिथे कागद तसाच सोडायचा असतो. नवशिक्यांना हे शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. या बाईनं कुत्र्याच्या कानाच्या कडेला केसाएवढा कागद सोडलाय, नावेत बसलेल्या मडमेच्या छत्रीच्या लेसला सोडलाय, वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांना सोडलाय. वल्हं मारणारा माणूस उघडा आहे, ओणवा आहे, पाठीचे स्नायू सुरेख. तोंड म्हणजे तपकिरी रंगाचा एक फटकारा, त्यात डोळे नाहीत, नाक नाही. आणि गळा स्वच्छ. त्या गळ्यात काही म्हणजे काही नाही.

मी मागे फिरले आणि सगळी चित्रं पुन्हा बघितली. माळी, पंखा ओढणारा, धोबी, आचारी, पालखीसारख्या खुर्चीतून मडमेला टेकडीवर नेणारे दोघं. सगळ्यांचे गळे आंघोळ करून आल्यासारखे स्वच्छ. बाईचं नाव खाली छापलंय, मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांची नावं तिनं लिहिली नाहीत, त्यांच्याबरोबर तिलाही थोडा वेळ बिननावाची राहू दे.

गळ्याचं एवढं काय, ते सांगते. जमुना माझी शाळेतली मैत्रीण. तिच्या घराला तिकडे ‘लोकल बॉर्न’ म्हणत, म्हणजे कैदी म्हणून आणलेल्यांची तिथेच जन्मलेली पोरंबाळं, नातवंडं. त्या बेटावर एक रीत होती, कुणाच्या पूर्वजाचा गुन्हा विचारायचा नाही. जेवणाला बसवा, भांडा, पोरी द्या-घ्या, पण ते विचारायचं नाही. जमुनाचे पणजोबा सखाराम. “हम भी पूना तरफ के हैं,” असं ती आम्हाला भेटल्या दिवशीच सांगून मोकळी झाली होती. पूना तरफ म्हणजे कुठे, ते तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळं बोलणं हिंदी, फक्त भाकरीला भाकरी म्हणत. एवढा एकच शब्द समुद्र ओलांडून टिकला होता. आईनं तो ऐकला तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि त्या दिवसापासून जमुना आमच्या घरचीच झाली. ओहोटीला आम्ही दोघी शिंपले वेचायला जायचो, तिच्या फ्रॉकच्या ओच्यात माझे आणि तिचे एकत्र. घरी येईपर्यंत कुठले कुणाचे ते कळायचं नाही आणि भांडण व्हायचं.

तिच्या घरातल्या पुरुषांच्या गळ्यात कधी काही नसे. ताईत नाही, माळ नाही, साखळी नाही. भाऊ शाळेचा टाय खिशात घालून जायचा आणि रोज बोलणी खायचा. काकाच्या लग्नात वरमाला नवरीनं नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यानं ती मनगटाला गुंडाळून घेतली. मला वाटायचं, ही पूना तरफची पद्धत असेल. आईला वाटायचं, ही बेटावरची पद्धत असेल. विचारायचं नाही म्हटल्यावर आम्ही कुणीच विचारलं नाही.

मग आईकडून ती चूक झाली. आमच्या क्वार्टर्समध्ये दोन-चार मराठी घरांनी मिळून गणपती बसवला होता. आईनं ठरवलं, आरतीचा मान जमुनाच्या आजोबांना द्यायचा. आपल्या मुलखातलं म्हातारं माणूस, किती वर्षांनी त्यांच्या कानावर मराठी आरती पडेल. तिनं जास्वंदीचा हार केला, चांगला घसघशीत, आणि पाटावर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या गळ्यात सगळ्यांसमोर घातला. त्यांनी तो काढला नाही. ते नुसते ताठ झाले. हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोर कुठेच नाही. हजेरीला उभं राहावं तसे. आरती सुरू झाली, टाळ वाजले, कापराचा धूर झाला, आणि त्यांचा हात तबकाकडे गेलाच नाही. शेवटी जमुनाच्या वडिलांनी पुढे येऊन हार काढला.

आई रडवेली होऊन त्यांच्या घरी गेली, मी तिच्या पदराला धरून. आजोबा ओट्यावर बसले होते. रागावलेले नव्हते.

“मेरे बाप के गले में लोहे की कड़ी थी, बहनजी. कड़ी में लकड़ी की टिकट, टिकट पे नंबर. साहब लोगों की नाव खेते थे, सोते-जागते वही गले में. छूटने के बाद भी निशान नहीं गया. चिता पे रखा, तब भी काली लकीर दिखती थी. वो कह गए थे, अपने घर में किसी के गले में कुछ नहीं पड़ेगा. आपको क्या मालूम. आप चाय पीजिए.”

कडीची जाडी त्यांनी बोलता बोलता दोन बोटांत धरून दाखवली. आईनं चहा घेतला. पुढच्या वर्षी तिनं मोगऱ्याचा गजरा केला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हसले.

आमच्या मराठी घरांत अंदमान म्हटलं की एक कोठडी आठवते, हात जोडले जातात आणि विषय संपतो. जोडावेतच. पण त्या कोठडीबाहेर जी माणसं झाडं तोडत होती, पाणी भरत होती, नावा वल्हवत होती, ज्यांच्या गुन्ह्यावर कुणी भाषण करत नाही, ती कुणालाच नको आहेत. ना साहेबाला, ना आपल्याला. म्हणून तर ही चित्रं भिंतीवर सुखानं लटकू शकतात.

“निखिल,” मी म्हटलं, “ही चित्रं खोटी आहेत.” आणि गळ्याचं सगळं सांगितलं.

तो ऐकून घेतो, तेवढं मानायला हवं. “पण आत्या, हा नावाडी सुटलेला असेल. सुटल्यावर पण लोक तिथेच काम करायचे ना?”

“असेल. मग माळीही सुटलेला. धोबी सुटलेला, पंखेवाला सुटलेला, आचारी सुटलेला. तर त्या बेटावर कैदी होतं तरी कोण, टॉबी?”

तो हसला. मला हसू आलं नाही. तेवढ्यात त्यानं मला एका खोलीत नेलं, माझा मूड सुधारावा म्हणून. भैरवगढच्या छपाईवाल्यांकडून त्यानं या चित्रावरून ठसा कोरून घेतला होता. पडद्यांवर, पलंगपोसांवर, उशांच्या अभ्र्यांवर तोच नावाडी, ओळीनं, तांबड्या रंगात. छपाई अप्रतिम. आता यात्रेकरू त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपणार. माझ्या अंगाची लाहीलाही झाली आणि मी तसं म्हणाले. हेही म्हणाले की माझं नाव या चित्राखाली लागणार नाही, जोवर त्या गळ्याचं खरं तिथे सांगितलं जात नाही.

निखिल जरा विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा खुलला. “अरे, बस इतनीच गोष्ट? कडी घालून टाकू. डिझाइनरला सांगतो, तो कंप्यूटरवर गळ्यात बनवून देईल. नवीन प्रिंट मारू. दो मिनट का काम है. तू फक्त सांग, जाड हवी की पातळ?”

त्याच्या मनात पाप नव्हतं. आत्याचं म्हणणं राखायला निघाला होता बिचारा. आणि मी, मी खरंच क्षणभर आजोबांनी बोटांनी दाखवलेली जाडी आठवायला लागले. मग माझं मलाच कळलं की आपण काय करतोय. एका माणसाच्या गळ्यात पुन्हा लोखंड घालायचं, तेही माझ्या सांगण्यावरून, बेताच्या मापाचं.

“काही करू नकोस,” मी म्हटलं. “मला घरी सोड.”

घरी येऊन मी जमुनाला फोन लावला. ती अजून तिथेच आहे, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली, लेक आणि जावयाजवळ राहते. आधी चित्राचा फोटो पाठवला होता. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

“नाव अच्छी बनाई है,” ती म्हणाली. “ये हमारे वाले हैं क्या?”

“माहीत नाही गं. तेव्हा नावाडी किती होते. तोंडच नाहीये.”

“हाँ, वो तो देखा मैंने. बड़ा करके देखा.”

मी तिला कडीचं सांगितलं. निखिल काय म्हणतो तेही. मला वाटलं ती चिडेल. चिडावी असं मला मनापासून वाटत होतं, माझ्या चिडण्याला जोडीदार हवा होता.

“नहीं,” ती म्हणाली. “फिर से मत डालना. कोई भी हो, मत डालना. पर ये भी मत समझने देना किसी को कि उस मेम ने उतारी थी. उतारी किसी ने नहीं. ये लिख दे.”

मी लिहिलं. चारच ओळी, मराठीत आणि हिंदीत. या चित्रांतले नोकर कैदी होते, त्यांच्या गळ्यात लोखंडी कडी आणि नंबराची टिकट असे, चित्र काढणाऱ्या बाईला ती रोज दिसत होती, आणि तिनं ती रंगवली नाही. खाली माझं नाव घातलं, पूर्ण, माहेर-सासरसकट.

निखिलनं कागद वाचला. पुन्हा वाचला. “आत्या, हे लॉबीत? लोक दर्शन घेऊन प्रसन्न होऊन येणार, समोर पोहे-जिलबीची प्लेट, आणि भिंतीवर हे? माझं लोन आहे गं.” मग डोळे चुकवत म्हणाला, “तुझं नाव नको तर नको. आपण सिंपल ठेवू.”

सिंपल म्हणजे डेकोरेटरनं लिहून दिलेल्या ओळी. त्यात सुकून हा शब्द दोनदा आहे. उद्घाटनाला मी गेले नाही. निखिलच्या वडिलांनी, माझ्या चुलतभावानं, फोन करून सांगितलं की इतकं आकांडतांडव करण्यासारखं त्यात काय आहे, चित्रंच तर आहेत. चित्रंच तर आहेत! मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाचा फोटो आहे ना दिवाणखान्यात, त्याचं तोंड पुसून टाकते आणि मग बोलू. त्यानं फोन ठेवला.

दोन-तीन दिवस मी घरात धुसफुसत राहिले, कुकरवर राग काढला, आणि मग एका संध्याकाळी उठून रिक्षा केली आणि हॉटेलात जाऊन त्या चित्रासमोरच्या सोफ्यावर बसले. हॉटेल निखिलचं असलं तरी आत्याला ऊठ म्हणण्याची प्राज्ञा आमच्या खानदानात अजून कुणाची झालेली नाही. आता मी बहुतेक रोज जाते. रिसेप्शनवरची मुलगी न सांगता चहा आणते, निखिल काउंटरमागून हताशपणे बघतो. माणसं घाटावरून येतात, कपाळावर गंध, केस ओले, हातात प्रसादाची पिशवी. काही जण चित्रासमोर थांबतात. थांबले की मी सांगते. आवाज चढवत नाही, वर्गात सांगायचे तसं सांगते. काही ‘अच्छा’ म्हणून लिफ्टकडे जातात. एकानं विचारलं, माँजी, आप गाइड हैं क्या. एक बाई मात्र मुलांना घेऊन परत खाली आली आणि म्हणाली, इनको भी बताइए.

काल सागर जिल्ह्याकडचं एक जोडपं आलं होतं. नवरा चित्रासमोर उभा राहून सेल्फी घेत होता. बायको साधीशी, पन्नाशीची, कापडी पिशवी छातीशी धरलेली. ती म्हणाली, “कितनी शांति है इसमें.”

“बहनजी,” मी म्हटलं, “ये नाव वाला कैदी था. इसके गले में लोहे की कड़ी थी, चौबीसों घंटे. बनाने वाली ने बनाई नहीं.”

नवऱ्यानं फोन खाली केला. बाई चित्राच्या अगदी जवळ गेली, काचेला नाक लागेल इतकी. मला वाटलं ती नावाड्याचा गळा बघतेय, सगळे तेच बघतात, मीही इतके दिवस तेच बघत आले होते. पण ती नावेच्या दुसऱ्या टोकाकडे वाकली होती.

“कुत्ते का पट्टा तो बनाया है,” ती म्हणाली.

मी उठले. चष्मा पुसून घातला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. होता पट्टा. लाल चामड्याचा, त्याला पितळी बक्कल, बकलाच्या बाजूनं टाके. एवढं बारीक काम त्या सबंध चित्रात दुसरं नाही.